कोणतीही कळ दाबा

विजयेंद्र रावच्या घरातला जुना संगणक डिसेंबरच्या पावसात जळला. पाणी पहिल्या मजल्यापर्यंत आलं नव्हतं, पण वीज दिवसभर जात-येत राहिली आणि एकदा परत आली ती मदरबोर्ड जाळूनच. फायली दुसरीकडे साठवलेल्या होत्या, त्यामुळे त्याने फारसं मनाला लावून घेतलं नाही. खरी अडचण फेब्रुवारीत कळली.

विजयेंद्र चेन्नईच्या तांबरमला, स्टेशनच्या पश्चिमेकडच्या एका दुमजली इमारतीत राहतो. आठव्या वर्षी त्याची दृष्टी गेली. आता पन्नाशीला आलाय. अंध विद्यार्थ्यांसाठी कॉलेजची पुस्तकं ब्रेलमध्ये तयार करून देणं हे त्याचं काम. बायको श्रीदेवी नुंगंबाक्कमला एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर. तिलाही दिसत नाही. ती सकाळच्या गाडीने जाते, संध्याकाळी येते, आणि मधला सगळा वेळ घरात विजयेंद्र, त्याचा बोलणारा लॅपटॉप आणि ब्रेलचा खडखडाट करणारा छापयंत्राचा खोका एवढेच असतात.

जननी नावाची बी.कॉम.ची मुलगी त्याच्याकडे संख्याशास्त्राचं पुस्तक घ्यायला येणार होती. पुस्तक त्याने पूर्वीच तयार केलं होतं. पण ते ज्या प्रोग्राममध्ये केलं होतं ती कंपनी कधीच बंद पडली होती, आणि तो प्रोग्राम फक्त विंडोज एक्सपीवर चालायचा. नव्या लॅपटॉपवर त्या फायली उघडल्या की लॅपटॉपचा आवाज नुसती अक्षरांची भेळ वाचून दाखवी. कोष्टकं सगळी विस्कटलेली. परीक्षा मार्चच्या अखेरीस.

उपाय त्याला ठाऊक होता. लॅपटॉपच्या आतच एक दुसरा संगणक उभा करायचा, नुसता सॉफ्टवेअरचा बनलेला, ज्याला आपण जुनाच संगणक आहोत असं वाटेल. त्यात जुन्या सीडीच्या इमेजवरून एक्सपी चढवायची, प्रोग्राम चढवायचा, फायली एकदा उघडून नव्या प्रकारात बाहेर काढायच्या. सीडीची इमेज त्याच्याकडे साठवलेली होती. एका सकाळचं काम, असं त्याने धरलं होतं.

पण तो आतला संगणक सुरूच होईना. आणि सुरू न झालेला संगणक बोलत नाही. बाहेरचा लॅपटॉप सांगे, "मशीन चालू आहे." त्या मशीनच्या खिडकीत काय लिहून आलंय ते मात्र कुणी सांगत नव्हतं. त्याने फोनचं अक्षरं वाचणारं अ‍ॅप पडद्यासमोर धरून पाहिलं. ते काही आकडे वाची, एखादा तुटका शब्द वाची आणि गप्प होई. बंगळूरचा मित्र अशोक म्हणाला, "लॅपटॉप मला इंटरनेटवरून जोडून दे, रविवारी मी करून टाकतो." विजयेंद्रला ते नको होतं. डोळस माणसं मदतीला आली की माउस हातात घेतात, काहीतरी करतात आणि "झालं!" म्हणतात. काय झालं ते याला कधीच कळत नाही.

अशा वेळी खालच्या मजल्यावरच्या सरोजामामी डबा घेऊन वर आल्या.

"विजू, डांगर पचडी केलीय. जेवलास कां?"

मामींचं माहेर-सासर दोन्ही तंजावरचं, विजयेंद्रचंही मूळ तिथलंच. म्हणून जिन्यात, दारात त्यांच्यात मराठी चाले. मराठवाड्या-पुण्याच्या माणसाला जुनी वाटेल अशी, मधे तमिळ मिसळलेली. मामींचे यजमान शेषाद्रीमामा मागच्या आडी महिन्यात, जुलैच्या सुमारास, गेले. तेव्हापासून मामी देवळात आणि भाजीला सोडून कुठे जात नव्हत्या. एकटीसाठी स्वयंपाक करायचा कंटाळा येतो म्हणून जास्तीचा करायच्या आणि वर आणून द्यायच्या.

"मामी," विजयेंद्र म्हणाला, "एक काम होतं. पडद्यावर काय लिहिलंय ते मला वाचून दाखवाल का?"

"मी? मला कंप्युटरचं काय कळतं?"

"कळायला नको. कळतं मला. फक्त दिसत नाही."

मामींनी डबा टेबलावर ठेवला. चष्मा डोक्यावरून खाली घेतला. पडद्याकडे वाकून पाहिलं.

"इंग्लिश आहे रे," त्या म्हणाल्या.

"हो."

"मी अक्षरं सांगते. एकेक."

"सांगा."

"एस, एच, ई, एल, एल. मग बाणासारखं काहीतरी. त्याच्या वर खूप आहे. पी, आर, ई…" त्या थांबल्या. "प्रेस. प्रेस ई-एस-सी इन… पुढे एक आकडा आहे. टू स्किप."

"थांबा, थांबा. शेल? नक्की शेल?"

"शिंपल्याचं शेल. तेच."

विजयेंद्र हसला, मोठ्याने. आधी वापरलेल्या एका मशीनच्या सेटिंग त्याने तशाच उचलल्या होत्या. नवे संगणक जागे होतात त्या पद्धतीने हे मशीन जागं होऊ बघत होतं, आणि जुन्या सीडीला ती पद्धत माहीतच नव्हती. त्याने सेटिंगमध्ये जाऊन ईएफआयची, म्हणजे त्या नव्या पद्धतीची, खूण काढली. लॅपटॉप प्रत्येक कळीला बोलत होता, मामी कान देऊन ऐकत होत्या.

"आता?"

"आता काळं. पांढरी अक्षरं. नो… बूटेबल… मीडियम… फाउंड. म्हणून आलंय."

त्याचं हसू गेलं. त्याने इमेज जोडलेली आहे ना ते पाहिलं. होती. आधी सीडीवरून सुरू हो, असा क्रम लावलाय ना ते पाहिलं. लावला होता. मशीन पुन्हा चालू केलं. मामींनी तेच चार शब्द वाचले, या वेळी न अडखळता.

मग त्याला आठवलं. ही इमेज त्याने फार वर्षांपूर्वी बनवली होती, शिकाऊ असताना. सीडीवरच्या सगळ्या फायली उचलल्या आणि त्यांची इमेज केली. पण ज्याच्यावरून संगणक सुरू होतो तो सीडीचा बूटचा भाग फायलींत दिसत नाही. तो मागेच राहिला.

"म्हणजे?" मामींनी विचारलं.

"म्हणजे सामान सगळं आहे, सुरुवात नाही. मूळ सीडी शोधायला हवी."

सीड्या कपाटात एका डब्यात होत्या. काहींवर त्याने ब्रेलची पट्टी चिकटवली होती, काहींची पट्टी गळून गेली होती. मामी एकेक उचलून वर लिहिलेलं वाचू लागल्या. मार्गळी महिन्यातल्या गाण्याच्या कचेऱ्या, कुणाच्या मुंजीचा व्हिडिओ, बँकेचं प्रशिक्षण. एक्सपीची सीडी तळाशी सापडली. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह लावला, इमेज काढायला घेतली, आणि शेवटाकडे येऊन ती अडकली. वाचता येत नाही म्हणाला लॅपटॉप.

"किती मळलीय ही!" मामी म्हणाल्या. "बोटांचे ठसेच ठसे. धुतली तर चालेल कां?"

"चालेल. मधून बाहेर पुसा, गोल नको."

मामींनी ती कोमट पाण्याने धुतली, जुन्या वेष्टीच्या, म्हणजे धोतराच्या, मऊ तुकड्याने पुसली. पुन्हा लावली. या वेळी इमेज पूर्ण झाली. ती जोडून विजयेंद्रने मशीन पुन्हा चालू केलं.

"निळा झाला!" मामी जवळजवळ ओरडल्याच. "सगळा पडदा निळा. विंडोज सेटअप म्हणून वर आहे. खाली धावतंय काहीतरी."

त्या दुपारी मामी घरी गेल्याच नाहीत. निळ्या पडद्यावर जे येईल ते वाचायचं, विजयेंद्रने कळ दाबायची. एंटर म्हणाला की एंटर, एफ-एट म्हणाला की एफ-एट. डिस्क तयार होत असताना टक्के पुढे सरकत होते, मामी अधूनमधून ते सांगत होत्या. मधल्या वेळात जेवण झालं.

"तुमचं इंग्लिश चांगलं आहे की, मामी," विजयेंद्र म्हणाला. "सकाळी तर एकेक अक्षर सांगत होतात."

"शाळेत चांगलं होतं. कुंभकोणमला, कॉन्व्हेंटात. सिस्टर मला उभं करून वाचायला लावायची." मामी ताटातला भात एकीकडे सारत म्हणाल्या. "लग्न झाल्यावर एकदा पेपर वाचत होते. आय-लँडला इस्लँड म्हटलं. मामा हसले. त्यांचे भाऊ होते, तेही हसले. पुढे कित्येक दिवस घरात मला इस्लँड म्हणून हाक मारायचे. वाईट मनाने नव्हे रे, गंमत. पण मग मी वाचायचं सोडलं. मोठ्याने तरी. पेपर ते वाचायचे, मला सांगायचे. बँकेचं, विजेचं, सगळं तेच."

"आणि आता?"

"आता श्रीनिधी बंगळूरहून फोन करतो. अम्मा, तू कशाला हात लावू नकोस, मी इथून करतो, म्हणतो. मुलगा चांगला आहे." त्या उठल्या. "बघ, शंभर टक्के झालं वाटतं."

झालं होतं. आता मशीन स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू होणार होतं. विजयेंद्रचे हात कळफलकावर तयार होते. सकाळपासून मामी वाचतील ते आणि हात दाबतील ते, अशी लय बसली होती.

"काळं झालं," मामी म्हणाल्या. आणि मग घाईने, कारण अक्षरांपुढे ठिपके वाढत होते, "प्रेस एनी की टू बूट फ्रॉम सीडी! लौकर, विजू, प्रेस एनी की!"

त्याने कळ दाबली.

"निळा झाला. विंडोज सेटअप. वेलकम टू सेटअप. अरे, हे तर सकाळचंच!"

विजयेंद्रने हात झटकन मागे घेतले. या वेळी कळ दाबायची नसते. दाबली की मशीन पुन्हा सीडीकडे जातं आणि सगळं पहिल्यापासून सुरू करतं. हे त्याला चांगलं माहीत होतं. इतरांना दहा वेळा शिकवलंही होतं.

"अय्यो मामी!" त्याचा आवाज चढला. "जे कळत नाही ते कशाला सांगायचं? लौकर काय, दाब काय! वाचायला सांगितलं तर नुसतं वाचा ना!"

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला, मग डब्याचं झाकण लावल्याचा.

"खाली दूध ठेवायचंय," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

विजयेंद्र तसाच बसून राहिला. मशीन गप्प होतं. समोर निळा पडदा असणार, त्यावर काही प्रश्न असणार, आणि तो उत्तराची वाट बघत असणार. त्याने मशीन बंद करून टाकलं. आपण चिडलो कुणावर, हे त्याला कळायला फार वेळ लागला नाही. मामींनी पडद्यावरचंच वाचलं होतं. लौकर म्हणाल्या, कारण ठिपके वाढत होते. ठरवायचं त्याने होतं. कळणारा तो होता, असं त्यानेच सकाळी सांगितलं होतं.

तो भिंतीला हात लावत जिना उतरला. मामींचं दार उघडंच होतं. आतून सुरीचा आवाज येत होता, बीन्स चिरत असाव्यात.

"मामी, विजू."

"ये. पायाशी पिशवी आहे, सांभाळून."

तो उंबऱ्यातच उभा राहिला. "चूक माझी झाली. तुम्ही बरोबर वाचलंत. कळ मी दाबली."

"ठाऊक आहे मला," मामी म्हणाल्या. सुरी थांबली नाही. "मी वाचलं ते बरोबरच होतं. एकही शब्द चुकला नाही."

"नाही चुकला."

"पण तू ओरडलास."

"ओरडलो."

सुरी थांबली. "मामा कधी ओरडले नाहीत मला. हसायचे. हसण्याला काय उत्तर देणार? ओरडलास ते एका परीने बरं. खाली येऊन मी ठरवलं होतं तुला काय बोलायचं ते. तू आधीच आलास."

"मग बोला ना."

"आता काय बोलू!" मामी म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात थोडं हसू आलं. "पण आज नाही यायची मी वर. दमले. उद्या श्रीदेवी गेली की येते. आणि एक सांगते. मी नुसतं वाचणार नाही. मला काही विचारायचं असेल तर विचारणार, लौकर वाटलं तर लौकर म्हणणार. तुला जे करायचं ते तू कर."

"सरी, मामी. तसंच करू."

रात्री जेवताना त्याने श्रीदेवीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी ऑफिसात रोज तेच करते. लोक सांगतात ते ऐकते आणि मग कुठे जोडायचं ते मी ठरवते. चुकीचं जोडलं तर फोन करणाऱ्यावर ओरडत नाही." आणि आणखी भात वाढून घेतला.

दुसऱ्या दिवशी मामी आल्या त्या चष्मा नीट पुसून. त्यांनी स्वतःसाठी कॉफीही आणली होती, आणि खुर्ची ओढून घेतली ती कालच्यापेक्षा जवळ. मधेच बंद केलेल्यावर भरवसा नको म्हणून काम पहिल्यापासून सुरू झालं, पण आता ते पडदे ओळखीचे होते. वाचायच्या आधीच मामी म्हणायच्या, "हा एफ-एटवाला." डिस्क तयार होताना त्यांनी विचारलं, "काल ती कळ दाबायची नव्हती, तर मग तो दाबा म्हणून कां सांगतो?"

"तो सांगत नाही, विचारतो. सीडीवरून सुरू होऊ का? हवं असेल तर कळ दाबा. आपल्याला आता सीडी नकोय. सामान डिस्कवर उतरलंय, तिथूनच सुरू व्हायला हवं."

"मग तसं लिहावं. हवं असेल तर म्हणून."

"लिहायला हवं होतं," विजयेंद्रने मान्य केलं.

शंभर टक्के झालं. मशीन बंद झालं.

"काळं," मामी म्हणाल्या. मग सावकाश, एकेक शब्द, "प्रेस एनी की टू बूट फ्रॉम सीडी. एक ठिपका. दोन. हात वर घे, विजू."

त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले. मामींनीही कॉफीचा पेला खाली ठेवून हात पदरात घेतले, जणू त्यांच्या हातूनही चुकून काही दाबलं जाईल.

"ठिपके थांबले. काळंच आहे. अजून काळंच." त्यांचा श्वास ऐकू येत होता. "चित्र आलं! चार रंगांचं. खाली निळं निळं धावतंय."

"आलं," तो म्हणाला. "डिस्कवरून आलं."

पुढचं सोपं होतं, फक्त लांबलचक. सीडीच्या वेष्टनावरची अक्षरं आणि आकडे मामींनी गटागटाने वाचले, त्याने टाइप केले. एक्सपी कुठल्या देशात आहात विचारत होती, घड्याळ विचारत होती. आणि दुपारी केव्हातरी लॅपटॉपच्या स्पीकरमधून ती ओळखीची धून वाजली. विजयेंद्रने दोन कळा एकत्र दाबल्या. आतून एक खरखरीत, नाकातला पुरुषी आवाज इंग्रजीत बोलू लागला.

"हा कोण?" मामी दचकल्या.

"आतला संगणक. आता त्याला वाचा फुटली. पडद्यावर काय आहे ते तोच वाचेल."

"असं?" मामी म्हणाल्या. थोड्या वेळाने चष्मा काढून त्यांनी डबीत ठेवला. "म्हणजे माझं काम झालं."

विजयेंद्रला खोटं बोलावंसं वाटलं नाही. "पडद्याचं झालं," तो म्हणाला. "पण थोडं थांबा. पुस्तक उघडतंय का बघू."

प्रोग्राम चढला. पहिली फाइल उघडली. त्या नाकातल्या आवाजाने पहिल्या कोष्टकाची पहिली ओळ वाचली, मग दुसरी. रकाने जागच्या जागी होते. विजयेंद्र टेबलाच्या कडेवर बोटांनी ताल धरून बसला. एकेक प्रकरण नव्या प्रकारात बाहेर काढायला संध्याकाळ झाली. छापयंत्र सुरू झालं तेव्हा त्याचा खडखडाट ऐकून श्रीदेवी जिन्यातूनच म्हणाली, "झालं वाटतं!" मामी अजून तिथेच होत्या. बाहेर येणारे जाड कागद उचलून रचत होत्या आणि उठलेल्या ठिपक्यांवरून बोट फिरवत होत्या.

शनिवारी जननी आली. सडपातळ, भरभर बोलणारी मुलगी, पांढरी काठी दाराशी टेकवून तिने गठ्ठा मांडीवर घेतला आणि तिथेच वाचायला लागली. पानं उलटता उलटता एके ठिकाणी थांबली.

"सर, इथे आकृती दिलेली नाही असं लिहिलंय," ती तमिळमध्ये म्हणाली. "प्रत्येक प्रकरणात असंच. आकृतीवर प्रश्न येतात, सर."

विजयेंद्र ओशाळला. पुस्तक करताना आकृती सांगायला कुणी नव्हतं, म्हणून त्याने ते वाक्य टाकलं होतं. छापील पुस्तक कपाटात होतं. त्याने खाली हाक मारली.

मामी वर आल्या. छापील पुस्तक हातात घेऊन त्यांनी आकृतीखालची ओळ मोठ्याने वाचली, इंग्रजीत, सरळ. मग त्या चित्राकडे बघत राहिल्या.

"हे कसं सांगू? कमान आहे. पण देवळाची नव्हे, बाजूंना पसरलेली." त्यांनी जरा विचार केला आणि जननीला तमिळमध्ये, लाडाने म्हणाल्या, "हात दे, अम्मा."

जननीने तळहात पुढे केला. मामींनी तो आपल्या मांडीवर उताणा ठेवला, आणि करंगळीच्या कडेपासून बोट टेकवलं.

"इथे अगदी खाली आहे, जवळजवळ जमिनीला. हळूहळू वर चढतंय. आता पटकन चढलं. हे मधे, इथे सगळ्यात उंच. आणि आता जसं चढलं तसंच दुसऱ्या बाजूला उतरतंय."

"दोन्ही बाजू सारख्या?" जननीने विचारलं.

मामींनी पुस्तक जवळ घेऊन नीट पाहिलं. "सारख्या. अगदी सारख्या."

"पुन्हा एकदा दाखवा ना, मामी."

मामींनी पुन्हा बोट टेकवलं. विजयेंद्रने लॅपटॉप पुढे ओढला आणि आकृती नसल्याच्या त्या वाक्याच्या जागी मामी सांगत होत्या ते शब्द जसेच्या तसे टाइप करायला घेतले.